डॉक्टरांचं नाक आणि तीन टाको

डॉक्टरांना वास येत नव्हता. ही गोष्ट त्यांनी मला स्वतःचं नाव सांगायच्या आधी सांगितली. जर्मनीतल्या डार्मश्टाटमधल्या आमच्या इमारतीत आम्ही दुसऱ्या मजल्यावर, ते तिसऱ्या. राहायला येऊन त्यांना आठवडा झाला होता. घंटीवरचं 'डॉ.' लावलेलं मराठी आडनाव आम्ही वाचलं होतं, रविवारी चहाला बोलवायचं असं घरात ठरतही होतं. त्याआधीच शनिवारी सकाळी वरच्या मजल्यावरचा धुराचा अलार्म कोकलायला लागला. मी धावत वर गेलो. दार सताड उघडं होतं आणि साठीला टेकलेले एक गृहस्थ हातात झारा घेऊन शांतपणे स्टुलावर चढून अलार्मची बॅटरी काढत होते.

"जळतंय का हो?" त्यांनी मला विचारलं. आमच्या घंटीवरचं आडनाव त्यांनीही वाचलेलं असणार.

"जळतंय काय, जळून गेलंय."

"कशाचा वास आहे?"

"फोडणीचा."

"फोडणीत चार गोष्टी असतात. त्यातली कुठली?"

मी हुंगून पाहिलं. "मोहरी. आणि हिंग बहुतेक."

"बहुतेक नको. मला वास येत नाही म्हणून विचारतोय. हिंग मी टाकलाच नव्हता."

मग खाली उतरून त्यांनी हात पुढे केला आणि नाव सांगितलं. ते नाव इथे लिहीत नाही. आम्ही त्यांना डॉक्टरच म्हणायचो. ते औषध देणारे डॉक्टर नव्हते, रसायनशास्त्राचे होते. मी एका विमा कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये आकडेमोड बघतो. दोन मजल्यांमध्ये जिन्याच्या सोळा पायऱ्या आहेत असं मी पहिल्याच आठवड्यात बोलून गेलो, तेव्हापासून त्यांनी माझं नाव 'मोजणीदार' ठेवलं. माझ्या अकरा वर्षांच्या मुलीलासुद्धा ते "अहो" म्हणायचे. "अहो, तुमचं गणित काय म्हणतंय?" ती "गूट", म्हणजे छान, म्हणून आत पळायची.

डॉक्टरांचं पोट नाकावर चालायचं. दह्याला आंब्याचा, बिस्किटाला लोण्याचा, सरबताला संत्र्याचा स्वाद लागतो, तो बनवणाऱ्या एका कंपनीत ते बावीस वर्षं होते. तिथे चव आणि वास तपासणाऱ्या लोकांचं एक मंडळ असतं. डॉक्टर त्या मंडळात होते. एका हिवाळ्यात ताप आला, आठ दिवसांत उतरला, आणि जाताना वास घेऊन गेला. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी सांगितलं, येईल किंवा येणार नाही, रोज हुंगण्याचा सराव ठेवा. कंपनीने त्यांना टेबलावरचं काम दिलं आणि वर्षअखेरीला चाचणी घेऊ म्हणून कळवलं. पास झाले तर मंडळात परत. नाही झाले तर पुढचं बघू. जर्मन कंपनीच्या 'बघू'चा अर्थ इथे वीस वर्षं काढलेल्या माणसाला कळतो.

खर्च कमी करायचा म्हणून ते मोठं घर सोडून आमच्या इमारतीत आले होते. त्यांच्या पत्नी आधीच वारलेल्या, मुलगा कॅनडात. राहता राहिलं ते काम. ते त्यांनी मला एकदा सरळ सांगितलं: "मोजणीदार, मला दुसरं काही येत नाही हो. मला वास घेता येतो. यायचा."

वास नसलेला माणूस एकटा राहिला की काय काय करतो ते मी जवळून पाहिलं. त्यांच्या फ्रिजमधल्या प्रत्येक डब्यावर चिठ्ठी असायची, 'दूध, मंगळवार, सकाळी सात वीस'. तासाचा हिशोब संपला की चांगलं दूधही ओतून द्यायचे. स्वयंपाक घड्याळ लावून. कांदा किती मिनिटांत तपकिरी होतो ते त्यांनी तीन वेगवेगळ्या आचांवर मोजून भिंतीला लावलं होतं. आंघोळ दोनदा, कारण स्वतःच्या अंगाला घामाचा वास येतो का हे कळायला मार्ग नव्हता. खात्री करून घ्यायची तर दुसऱ्याला विचारायचं, आणि विचारायला ते लाजत नसत. ट्राममध्ये शेजारी बसलेल्या परक्या बाईला त्यांनी स्वच्छ जर्मनमध्ये "माफ करा, माझा वास येतोय का?" असं विचारलेलं मी ऐकलंय. बाई पुढच्या थांब्यावर उतरल्या. माझ्या बायकोलाही ते दारात उभे राहून विचारायचे, "वहिनी, खरं सांगा, शर्टाला काही?" पहिल्यांदा ती गोरीमोरी झाली. महिन्याभराने हातभर अंतरावरून हुंगून निकाल द्यायला लागली. "आज नाही भाऊजी. काल मात्र कांदा होता." यावर ते "डांके" म्हणून ऑफिसला जायचे.

दुसरी एक सवय लोकांना जास्त खटकायची. जर्मनीत कुठेही जेवायला गेलं की वाढणारा अर्ध्यात येऊन "श्मेक्ट्स?" विचारतो. चव लागतेय ना, एवढाच त्याचा अर्थ. सगळे मान डोलावतात. डॉक्टर काटा खाली ठेवून उत्तर द्यायचे. "सांगता येणार नाही. मला वास येत नाही. जीभ सांगते की मीठ बरोबर आहे. बाकीचं यांना विचारा." आणि माझ्याकडे बोट. मग तो पोऱ्या माझ्याकडे बघायचा आणि मी "झेअर गूट" म्हणून सगळ्यांची सुटका करायचो.

एकदा मी त्यांना घरी वरणभाताला बोलावलं. वर तूप, लिंबू, बाजूला बटाट्याची भाजी. दोन घास खाऊन ते थांबले.

"आली का चव?" बायकोने आशेने विचारलं.

"आल्यासारखी वाटली. पण ती आलेली नाही वहिनी, आठवलेली आहे. साठ वर्षं वरणभात खाल्लाय. जीभ आंबट, खारट, गोड, कडू एवढंच सांगते, उरलेलं सगळं नाकाचं काम. नाक बंद आहे, तर ती जागा आठवण भरून काढते. जीभ बिचारी प्रामाणिक असते. खोटारडी असते ती आठवण."

"मग कळणार कसं तुम्हाला?" मी विचारलं.

"तोच प्रश्न आहे. नाक शाबूत असताना जे कधीच खाल्लं नाही, असं काहीतरी खाऊन बघितलं पाहिजे. तिथे आठवणीची लुडबुड नाही."

बावीस वर्षांत त्यांनी स्वाद बनवण्यासाठी सगळ्या जगाचे पदार्थ हुंगले होते. मी एकेक नाव घेत गेलो, ते मान हलवत गेले. इथिओपियन खाल्लंय. कोरियन खाल्लंय. पेरू देशाचंसुद्धा खाल्लंय.

"टाको?"

ते थांबले. "टाको नाही. राहूनच गेलं."

अशा रीतीने मी, पन्नाशीचा, शाकाहारी, संध्याकाळी सातला घरी जेवणारा माणूस, दर गुरुवारी टाको खायला जाऊ लागलो.

आधी जागा ठरवायची होती. शहराच्या मध्यभागातल्या पहिल्या टाकेरियात कुरकुरीत, घडी घातलेले टाको आले. डॉक्टरांनी एक उचलला, तो मधोमध फुटला आणि राजमा, चीज, कोबी सगळं ताटलीत. "हे पापडाचं कपाट आहे," ते म्हणाले. "दार उघडलं की सामान बाहेर." विद्यापीठाजवळच्या दुसऱ्या ठिकाणी मऊ टाको होते, पण गाणी इतकी मोठ्याने लागलेली की मला त्यांचं बोलणं ऐकू येईना. तिसरं फ्रांकफुर्टला. चव उत्तम, पण उभ्याने खायचं आणि मागे रांग. रांगेतल्या माणसांसमोर डोळे मिटून हुंगायला डॉक्टरांची हरकत नव्हती, माझी होती.

चौथं आमच्याच बाजूला, मार्टिन्सफिअर्टलमध्ये, घरापासून चालत अकरा मिनिटं. आठ खुर्च्या, एक खिडकी, एक तवा. मालकीण मेक्सिकोतल्या पुएब्लाची, पंचेचाळिशीची, दंडाने मजबूत. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, भिजवून, वाटून ती टॉर्टिया, म्हणजे टाकोची मक्याची पोळी, स्वतः दाबायची. डॉक्टर तव्यासमोर उभे राहिले. एक टॉर्टिया टम्म फुगली तशी ते ओरडले, "फुगली! पापुद्रा सुटला!" मराठीत. बाईला शब्द कळला नाही, पण भाकरी फुगल्यावर होणारा आनंद तिला ओळखता आला असावा. तिने ती टॉर्टिया मीठ लावून त्यांच्या हातावर ठेवली. जागा ठरली.

चाचणी डॉक्टरांच्या कंपनीतलीच. तीन नमुने ठेवायचे, दोन सारखे, एक वेगळा. वेगळा ओळखायचा. नुसत्या अंदाजाने तीनांत एकदा बरोबर येतं, त्याहून जास्त वेळा आलं तर नाक काहीतरी करतंय. या दुकानात एका प्लेटमध्ये टाको तीनच यायचे, त्यामुळे वेगळी सोय करावी लागली नाही. प्रश्न होता तिन्हींत फरक कशाचा ठेवायचा. लिंबू चालणार नव्हतं, आंबटपणा जिभेला कळतो. मिरची चालणार नव्हती, ती तर झोंबते. कांदा दाताला कळतो.

"पार्सली," डॉक्टर म्हणाले.

जर्मनीत आलेल्या प्रत्येक मराठी घरात पहिल्या महिन्यात कोथिंबीर समजून पार्सलीची जुडी आलेली असते. आमच्याकडेही आली होती. बारीक चिरली की दिसायला आणि दाताखाली जवळजवळ सारखी, फरक सगळा वासात. तेव्हा मशरूमचे तीन टाको, दोनांवर पार्सली, एकावर कोथिंबीर. डॉक्टरांनी डोळे मिटून एकेक घास खायचा आणि कोथिंबिरीचा टाको दाखवायचा. कोथिंबीर दुकानाची, पार्सली मी घरून डबीत न्यायची. दर गुरुवारी दोन फेऱ्या. उरलेले टाको वाटून खायचे.

बाईने पहिले सहा आठवडे प्लेटी स्वतः लावून दिल्या. डोळे मिटलेल्या माणसापुढे खेळ चाललाय असं समजून तिला मजा वाटत होती. माझ्या डबीत नक्की काय आहे हे तिने सहाव्या आठवड्यात विचारलं.

"पेटरझीलिए," मी म्हणालो.

"पेटरझीलिए? माझ्या टाकोवर?" तिने चमचा खाली ठेवला. "मी इतके दिवस माझ्या हातांनी पार्सली घालत होते?"

डॉक्टरांनी तिला नाकाची हकीकत सांगितली. ती ऐकून घेत राहिली. मग म्हणाली, "तुमच्या नाकासाठी मी प्रार्थना करेन. पार्सलीला हात लावणार नाही. तुमचं तुम्ही करा."

तेव्हापासून ती तीन मोकळे टाको आणि वाटीत कोथिंबीर द्यायची, आणि मांडणी मी करू लागलो.

मी वही ठेवली होती. प्रत्येक फेरीला तीन वर्तुळं काढायची, कोथिंबीर असेल त्या वर्तुळात फुली, डॉक्टरांनी दाखवलेल्या वर्तुळाखाली रेघ. पहिल्या बारा फेऱ्यांत चार बरोबर. अंदाजाने जेवढे यावेत तेवढेच. पुढच्या बारांत नऊ.

नऊ! आकडा मी त्यांना रस्त्यावर दिव्याखाली दाखवला. डॉक्टरांनी वही हातात घेतली, पुन्हा मोजलं, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. "मला अजून काही जाणवत नाही हो," ते म्हणाले. "पण आकडा आहे. आधी आकडा येत असेल, मग वास येत असेल." दुसऱ्या दिवशी त्यांनी कंपनीला लिहिलं, सुधारणा दिसते आहे, वर्षअखेरीची वाट न बघता चाचणी घ्या. पुढच्या बुधवारची टेर्मीन, म्हणजे ठरलेली वेळ, मिळाली.

त्या दोन दिवसांत ते जिन्यात शीळ घालत होते. फ्रिजमधल्या दोन डब्यांना त्यांनी चिठ्ठ्या लावल्या नाहीत असं मुद्दाम येऊन सांगून गेले.

रविवारी दुपारी मी जेवणाच्या टेबलावर वही उघडून बसलो होतो. टक्केवारी काढत होतो. बायको ताटं घेत होती. वाकून बघत म्हणाली, "अहो, तुम्ही परीक्षा घेताय की पान वाढताय?"

"म्हणजे?"

"या सगळ्या फुल्या डावीकडे. कोथिंबीर ना ही? चटणीच्या जागी वाढून ठेवलीय तुम्ही दर वेळी."

तिच्या हातातल्या ताटाकडे मी पाहिलं. वर मीठ, डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाजी. मग वहीकडे. मी मांडणी केलेल्या बारा फेऱ्यांत नऊ वेळा कोथिंबीर डाव्या टाकोवर होती. आणि डॉक्टरांनी बारांपैकी अकरा वेळा डावा टाको दाखवला होता. नऊच्या नऊ बरोबर उत्तरं डावीकडचीच.

मी विम्याचे आकडे तपासून पोट भरतो. नमुने मनाला येईल तसे मांडायचे नसतात हे मला माहीत असायला हवं होतं. मी मात्र मनाला येईल तसेच मांडत गेलो, आणि लहानपणापासून डाव्या बाजूला चटणी वाढलेलं पान बघितलेल्या मनाला काय येणार?

"आता काय करणार?" बायकोने विचारलं.

"काय करू?"

"बुधवारी परीक्षा आहे ना त्यांची. आज सांगितलंत तर माणूस खचेल." मग ताट ठेवत स्वतःच म्हणाली, "आणि नाही सांगितलंत तर तिथे जाऊन खचेल."

जेवण गार होऊ दिलं. वीस मिनिटं तसाच बसलो आणि मग वही घेऊन सोळा पायऱ्या चढलो.

बायकोने काय पाहिलं ते मी सांगितलं. डॉक्टरांनी चष्मा लावला. फुल्या मोजल्या, रेघा मोजल्या. डावी, मधली, उजवी असे तीन रकाने पाडले. "गेनाऊ, अगदी तंतोतंत," ते स्वतःशीच म्हणाले. खिडकीपाशी जाऊन आले. मी माफी मागायला तोंड उघडलं तर हाताने थांबवलं.

"मोजणीदार, तुमचं लग्न चांगल्या घरात झालंय."

"डॉक्टर, चूक माझी आहे."

"अर्धी. डावीकडे ठेवलीत तुम्ही, पण उचलली मी. माझी आई सांगलीला खाणावळ चालवायची. दोन्ही वेळची मिळून साठ पानं. चटणी उजवीकडे गेली तर गिऱ्हाईक काही बोलायचं नाही, आई बोलायची." ते खुर्चीत बसले. "डोळे मिटून मला कोथिंबीर शोधायला सांगितली तर हात दुसरीकडे जाणार कुठे?"

मग ते हसले. हसू संपल्यावर मात्र चेहरा फार थकलेला दिसला. "म्हणजे काही आलेलंच नाही," ते म्हणाले. मी वही मिटायला लागलो. तेव्हा त्यांनी विचारलं, "घरात फासा आहे का?"

मुलीच्या खेळातला फासा घेतला. एक-दोन पडले तर डावीकडे, तीन-चार मधे, पाच-सहा उजवीकडे. सोमवार आणि मंगळवार मिळून नऊ फेऱ्या, सत्तावीस टाको. दुकानातल्या बाईने विचारलं, गुरुवार आज कसा उगवला? उत्तर द्यायला आम्हाला वेळ नव्हता. नऊपैकी तीन बरोबर. तीनात एक, अगदी मापून.

मंगळवारीच त्यांनी कंपनीला लिहिलं: 'माझ्या आधीच्या पत्रातली सुधारणा मांडणीच्या चुकीमुळे दिसत होती, ते विधान मागे घेत आहे.' उत्तर आलं, प्रामाणिकपणाबद्दल आभार, परंतु टेर्मीन ठरलेली आहे. जर्मनीत ठरलेली टेर्मीन रद्द करायला ती पाळण्यापेक्षा जास्त कागद लागतात.

बुधवारी साडेपाचला आमची घंटी वाजली. डॉक्टर कोट न काढता दारात उभे होते.

"बारा फेऱ्या होत्या. पास व्हायला आठ लागतात."

"मग?"

"आठ आले."

बायकोने आतून ऐकलं आणि साखरेचा डबा घेऊनच बाहेर आली. "अय्या भाऊजी! हात पुढे करा."

"थांबा वहिनी. मला एकदाही कळलं नाही."

"म्हणजे?"

"बाराही वेळा मी अंदाज केला. प्रत्येक उत्तरापुढे 'अंदाज' असं लिहिलंसुद्धा. तरी आठ बरोबर."

मी मनात हिशोब करत होतो. "डॉक्टर, नुसत्या अंदाजाने बारात आठ किंवा जास्त यायची शक्यता शंभरात दोनसुद्धा नाही. हा योगायोग म्हणणं अवघड आहे. तुमच्या नाकाला कळत असेल आणि तुम्हाला पत्ता नसेल."

"आणि आपले नऊ कुठे गेले?"

"कुठले नऊ?"

"काल-परवाचे. फासा टाकून केलेले. ते आवडले नाहीत म्हणून सोडून द्यायचे? बारा आणि नऊ एकवीस, आठ आणि तीन अकरा. आता करा हिशोब."

मी केला. वहीत, उभ्यानेच. "शंभरात पाच-सहा."

"बघा. अर्ध्या मिनिटात दोनाचे सहा झाले."

"पण कंपनीचा नियम आठचा आहे ना! नियमाने तुम्ही पास आहात."

"आमच्या बाईंनीही हेच सांगितलं." त्यांच्या विभागाच्या प्रमुख एक जर्मन बाई होत्या, चांगल्या होत्या, डॉक्टरांनी राहावं असं त्यांना मनापासून वाटत होतं. "म्हणाल्या, पास म्हणजे पास, सोमवारपासून मंडळात या."

"मग जा की! काय अडलंय?" मी जरा चिडूनच म्हणालो. मला त्यांचा राग आला होता. जे मिळावं म्हणून मी तीन महिने टाको खाल्ले, ते मिळाल्यावर हा माणूस दारात उभा राहून माझ्याशी गणित घालत होता.

डॉक्टर कोटाची बटणं काढायला लागले. "समजा गेलो. समोर दोन पेले येतील. एका पेल्यातलं दूध किंचित नासलंय का ते सांगायचंय. मी डावा म्हणेन. माझ्या शब्दावर ते लाखो डब्यांत भरतील. बरोबर आलं तरी का आलं ते मला ठाऊक नाही, आणि चुकलं तरी नाही." ते थांबले. "मोजणीदार, बावीस वर्षं मला कळायचं. त्याचा पगार होता. उत्तर बरोबर यायचं ते त्यामागून."

बायको अजून डबा धरून उभी होती. तिने शेवटी त्यांच्या हातावर चिमूटभर साखर ठेवलीच. "गोड तर कळतं ना तुम्हाला? मग खा."

ती त्यांनी खाल्ली. "हो. गोड आहे."

सोमवारी ते मंडळात गेले नाहीत. डब्यांच्या लेबलावर घटकपदार्थ नीट छापलेत का हे बघणाऱ्या विभागात त्यांनी खुर्ची मागून घेतली. दोन पायऱ्या खालची जागा, तीही निवृत्तीपर्यंतच. प्रमुख बाईंनी दोनदा समजावलं, तिसऱ्यांदा सही केली. आमच्या इमारतीतल्या काही जणांना हा विक्षिप्तपणा वाटला, आणि खरं सांगायचं तर तेव्हा मलाही वाटला. चालून आलेली नोकरी आकड्यांच्या बाजूने असताना सोडणं मला जमलं नसतं. अजूनही जमेल असं वाटत नाही.

दोन वर्षांनी निवृत्त होऊन ते सांगलीला गेले. आता फोनवर बोलणं होतं, लेबलांतल्या चुका अजून काढतात, तिकडच्या. पण मला आठवतो तो लेबलांच्या विभागातल्या त्यांच्या पहिल्या आठवड्याचा गुरुवार.

चाचणीचं आता काही कारण उरलं नव्हतं. तरी पावलं सवयीने मार्टिन्सफिअर्टलकडे वळली. मी डबी नेली नव्हती. बाईने निकाल विचारला, डॉक्टरांनी सांगितला, तिने तव्यावरून मान न उचलता "मग आज नीट खा" म्हटलं आणि तीन टाको दिले, तिच्या पद्धतीचे, तिन्हींवर कोथिंबीर. आम्ही खिडकीपाशी बसलो. डॉक्टर लेबलांबद्दल काहीतरी सांगत होते. एका कारखान्याने मिठाचं प्रमाण दोन ठिकाणी दोन छापलं होतं. बोलता बोलता दुसरा टाको तोंडाशी नेला आणि ते थांबले.

"काय झालं?"

त्यांनी बोट वर केलं. टाको नाकाखाली धरून श्वास घेतला. पुन्हा घेतला. "काहीतरी आहे."

"काय?"

"नाव येत नाही. हिरवं नाही. गरम आहे, थोडं... नाही, गेलं. होतं पण. आत्ता होतं."

मला आनंद व्हायच्या आधी भीती वाटली. माझा चेहरा बघून ते म्हणाले, "तुम्हाला काय वाटतंय ते मलाही वाटतंय. उठा. पार्सली आणा."

समोरचं सुपरमार्केट आठपर्यंत उघडं होतं. मी जुडी घेऊन आलो. बाईने जुडीकडे बघितलं, कपाळाला हात लावला आणि कोपऱ्यातली सुरी माझ्याकडे सरकवली. फासा नव्हता, म्हणून मी डॉक्टरांकडे पाठ करून बाईलाच विचारलं, एक, दोन की तीन? "तीन," ती म्हणाली. आणखी तीन टाको मांडले, तिसऱ्यावर कोथिंबीर. डॉक्टरांनी डोळे मिटले. तिन्हींचा एकेक घास खाल्ला, पाणी प्यायले, पुन्हा हुंगले. एवढा वेळ त्यांनी कधीच घेतला नव्हता. बाईने तव्याखालची आच कमी केली.

"मधला," ते म्हणाले.

मी आणि बाईने एकमेकांकडे पाहिलं.

"नाही डॉक्टर. तिसरा."

त्यांनी डोळे उघडले. तिन्ही टाको बघितले. मी कशाची वाट बघत होतो कुणास ठाऊक, पण ते मुळीच निराश दिसत नव्हते. उलट कान थोडे लाल झाले होते.

"चुकलं," ते म्हणाले. "आठ बरोबर आले त्या दिवशी आत काही म्हणजे काही नव्हतं हो. आज चुकलं, पण होतं. मधल्यात मला काहीतरी आलं. कोथिंबीर नसेल. मका असेल, धूर असेल, पार्सलीच असेल. पण आलं."

मी खिशातून वही काढली. तीन वर्तुळं काढली, तिसऱ्यात फुली, मधल्याखाली रेघ. पुढे काय लिहावं याचा थोडा विचार केला आणि 'चूक' असं लिहिलं.

त्यांनी वाकून वाचलं. "बरोबर," ते म्हणाले, आणि मधला टाको उचलला.